टेबलाखालचा मानकरी

नागेश घाणेकरला तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही दुबईत राहत असाल, आमच्या मंडळाचे आजीव सभासद असाल, प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून मला "मॅडम, एसी जरा जास्तच आहे" असं सांगत असाल, तरीही नाही. कारण कार्यक्रम सुरू होतो तेव्हा नागेश टेबलाखाली असतो.

कुठल्या टेबलाखाली ते सांगते, पण आधी माझं रडगाणं ऐका. मी मनाली. राहायला करामात, नोकरी देऱ्यातल्या एका शिपिंग ऑफिसात, आणि उरलेल्या जिवाने मंडळाची सांस्कृतिक सचिव. म्हणजे काय, तर लावणी रंगली की कौतुक नाचणारीचं, आणि बटाटेवडे गार निघाले की फोन मला. माझी लेक मिहिका म्हणते, "आई, जस्ट रिझाइन ना." तिला काय जातंय म्हणायला! मी सोडलं तर हे लोक दिवाळीचा कार्यक्रम शिमग्याला करतील.

आमचे कार्यक्रम होतात एका शाळेच्या हॉलमध्ये. आता मराठी कार्यक्रम म्हटला की पडदा उघडल्यावर पहिलं काम दीपप्रज्वलन. एक वेळ आपले लोक नाटक न बघता घरी जातील, पण समई न लावता त्यांना नाटक बघवत नाही. पूर्वी आम्ही खरीच समई लावायचो. मग एका पाडव्याला तेव्हाच्या अध्यक्षांना उत्साह आला. त्यांनी तेलवातीबरोबर धूपही पेटवला, कापूरही पेटवला, आणि छतातल्या फवाऱ्यांनी आम्हा सगळ्यांना स्टेजवरच आंघोळ घातली. पाहुणे भिजले, गणेशवंदनेच्या पोरी भिजल्या, तबल्यातून तर बुडबुडे आले. वर पाचशे दिरहम दंड! म्हणजे जवळजवळ बारा हजार रुपये! "एवढ्यात गावाला अख्खा सत्यनारायण होतो," असं आमचे खजिनदार अजूनही जेवता जेवता मध्येच म्हणतात.

तेव्हापासून हॉल सांभाळणारे यूनुसभाई दारातच आमच्या पिशव्या उघडून बघतात. "मॅडम, माचिस नहीं, अगरबत्ती नहीं, कापूर भी नहीं. फायर खलास." मी इन्शाल्ला म्हटलं, हबीबी म्हटलं, डोळ्यांत पाणी आणून दाखवलं. माणूस ढिम्म हलला नाही.

त्या पंचाईतीत नागेश भेटला. गुहागरच्या बाजूचा, इथे एका कंपनीत इलेक्ट्रिशियन, राहायला इंटरनॅशनल सिटीत सहा जणांच्या खोलीत. मिटिंगला आला होता खरं तर वडे खायला. सगळ्यांचं रडून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, टेन्शन घेऊ नका. मी पेटवतो. जाळ नाय होणार, पण पेटणार."

आणि पेटवली की हो! ड्रॅगन मार्टमधून लुकलुकणारे पिवळे दिवे आणले, प्रत्येकाला कापसाची वात गुंडाळली, पितळी समईच्या दांड्यातून वायर खाली काढली. पाहुण्यांच्या हातात विजेचीच मेणबत्ती. पाहुण्यांनी वातीला मेणबत्ती लावायची, आडून नागेशने बटण दाबायचं, की वात लागली. चौथ्या रांगेतून तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

पहिल्या वेळी एक घोटाळा झाला. बटण एकच होतं. अध्यक्षांनी पहिल्या वातीला हात लावला आणि पाचही वाती फट्कन लागल्या. बाकीचे चार मान्यवर मेणबत्त्या घेऊन तसेच उभे. एकाने तर कार्यक्रमभर तोंड फिरवलं. "आम्हाला काय शोभेला बोलावलं होतं?" आता आपल्या लोकांचे मानपान तुम्हाला माहीत आहेत. लग्नात विहिणीचा रुसवा एका साडीत निघतो, मंडळाच्या माजी अध्यक्षाचा दोन दोन वर्षं निघत नाही. तेव्हा नागेशने पाच वातींना पाच बटणं केली आणि ती दाबायला स्वतः टेबलाखाली बसायला लागला. टेबलाभोवती पैठणी काठाची झालर. वर ओल्गा नाव पुकारणार, नागेश एक श्वास घेणार, आणि दाबणार. ही ओल्गा आमची निवेदिका. वसईची. तिचं मराठी आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध आहे आणि हे ती आम्हाला विसरू देत नाही.

एवढ्यावर थांबेल तर तो नागेश कसला! त्याने ते काम इतकं मनावर घेतलं की मला हसावं की रडावं कळेना. कार्यक्रमाच्या दिवशी उपास. कपाळाला गंध. अंगात सिल्कचा झब्बा, वर जॅकेट. मी म्हटलं, "अरे, टेबलाखाली तुला कोण बघणार आहे?" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. "दीपप्रज्वलन आहे मॅडम. बनियनवर करू काय?"

हळूहळू टेबलाखाली त्याने संसार थाटला. बसायला उशी आली, छोटा पंखा आला, पाण्याची बाटली आली, आतून टेबलाला चिकटवलेला गणपतीचा फोटो आला. एकदा मी झालर वर करून बघितलं तर साहेब आरशात भांग पाडत होते. आणि भाव किती खावा माणसाने! एका शाळकरी मुलाने विचारलं, "काका, यू प्रेस द स्विच?" तर म्हणे, "स्विच दाबत नाय बाळा, प्रज्वलन करतो."

तेच त्याने गावाला सांगितलं. कार्यक्रम संपला, लोक वड्यांकडे धावले, की हा पेटलेल्या समईशेजारी उभा राहून फोटो काढायचा आणि बायकोला पाठवायचा. खाली मजकूर, आजचे दीपप्रज्वलन. दर कार्यक्रमाला एक. बायकोने, म्हणजे स्वप्नालीने, ते वाडीभर दाखवले. झालं! एका वर्षी नागेश सुट्टीवर गेला तर एसटीच्या थांब्यावर त्याचाच फ्लेक्स, "दुबई येथील दीपप्रज्वलनाचे मानकरी." क्रिकेटच्या स्पर्धेचं उद्घाटन याच्या हस्ते. तिथे समई खरी, तेल खरं, वारा त्याहून खरा. मानकऱ्यांनी काड्यांची अख्खी पेटी संपवली आणि शेवटी सरपंचांच्या लायटरने लाज राखली. "गावच्या समईला वायरिंग नाय ना मॅडम," असं मला येऊन सांगतो. मी हात टेकले.

तर यंदा दिवाळीच्या कार्यक्रमाआधी हा माझ्या ऑफिसच्या खाली येऊन उभा. तोंड एवढंसं. मला वाटलं नोकरी गेली.

"मॅडम, स्वप्नाली येतेय. व्हिजिट व्हिसावर. पहिल्यांदाच."

"अरे वा! मग तोंड असं का?"

"कार्यक्रमाला येणार ती. तिला वाटतं मी वर असतो."

"वर म्हणजे?"

"वर, मान्यवरांत."

मी जी भडकले! "मग खोटं कशाला सांगितलंस रे तिला इतकी वर्षं?"

"खोटं नाय सांगितलं. मी म्हटलं, दीपप्रज्वलन मी करतो. करतो की नाय?"

आता यावर काय बोलणार, कप्पाळ! करतो तर तोच. पण त्याला वर घ्यायचा तर खाली कोण बसणार? आणि वर जागा कुठे होती? पाच वाती, पाच माणसं ठरलेली. आमचे अध्यक्ष मुरलीधरराव, पुण्याहून आलेले बँकेचे संचालक, मसालेवाले शेठ, शेठच्या सौभाग्यवती आणि शारजाचे एक डॉक्टर. यातल्या एकाला जरी कमी केलं तरी माझ्या नावाने मंडळात शिमगा झाला असता. मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. तो "चालेल मॅडम" म्हणाला आणि बसस्टॉपकडे गेला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण वाईट वाटून वात थोडीच वाढते!

कार्यक्रमाच्या दिवशी स्वप्नाली आली. बारीकशी बाई, नारिंगी रंगाची साडी, केसांत करामाच्या दुकानातला गजरा. नागेशने तिला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि माझी ओळख करून दिली. ती माझ्या पाया पडायला वाकली. "ताई, तुम्ही ह्यांना एवढा मान देता. घरी सासूबाई रोज तुमचं नाव घेतात." नागेश छताकडे बघत होता.

पडद्यामागे आलो तर तिथे वेगळाच गोंधळ. शारजाचे डॉक्टर पोचले नव्हते. फोन केला तर "निघालोय, रस्त्यातच आहे" म्हणाले. शारजाहून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये निघालेला माणूस कधी पोचतो, हे इथल्या कुणालाही विचारा. मुरलीधरराव घामाघूम. "एक वात रिकामी? फोटोत बोळकं दिसेल ते! कुणालाही उभं करा, पण झब्बा घातलेला हवा."

झब्बा घातलेला माणूस एकच होता. तो टेबलाखाली शिरायच्या तयारीत गुडघ्यांवर होता.

"हे कोण?" मुरलीधररावांनी विचारलं. "नवीन सभासद?"

"हा आपला नागेश हो! खालचा!" मी म्हटलं. "ह्यालाच उभा करा."

"मग खाली कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओल्गासुद्धा. मी नऊवारी नेसले होते, नथ घातली होती, त्या नऊवारीला इस्त्री करायला मला अख्खी सकाळ लागली होती. मी म्हणणार होते, अजिबात नाही. पण नागेशचं तोंड बघितलं आणि म्हणून बसले, "काय करायचं ते सांग."

"सोपं आहे मॅडम! वर रांग लागली आहे तशीच खाली बटणं. पहिल्या माणसाचं पहिलं, दुसऱ्याचं दुसरं. शेवटचं माझं."

शिरले आत. ते टेबल नागेशच्या मापाचं, माझ्या नव्हे. तोंड पुढे करून शिरले तर पदर अडकला, म्हणून बाहेर आले आणि पाठ पुढे करून शिरले. उशीवर बसले, पंखा लावला, गणपतीला नमस्कार केला. वर पडदा उघडला, टाळ्या झाल्या.

"दीपप्रज्वलनासाठी मी आपले अध्यक्ष माननीय मुरलीधर सामंत यांना विनंती करते," ओल्गा म्हणाली.

मी श्वास घेतला आणि पहिलं बटण दाबलं.

वर खसखस पिकली. मला काही कळेना. मी आणखी एक श्वास घेतला. ओल्गाने संचालकांचं नाव घेतलं, मी दुसरं दाबलं. आता लोक मोठ्याने हसले. म्हणून मी घाबरून पहिलं बंद केलं, तर कोणीतरी शिट्टी मारली. मग माझा धीर सुटला. मी एक लावते, दुसरं विझवते, दोन लावते, तीन विझवते. मागाहून कळलं, मुरलीधरराव या टोकाच्या वातीला मेणबत्ती लावून हसऱ्या चेहऱ्याने उभे, आणि वात लागली ती त्या टोकाची, नागेशच्या पुढ्यातली. त्याने अजून हातही उचलला नव्हता! मागून "वन्स मोअर" आलं. ओल्गा शुद्ध मराठीत "ज्योत ही चंचल असते" वगैरे सांभाळत होती. तेवढ्यात मुरलीधरराव दात-ओठ खात खाली वाकून म्हणाले, "मनाली, पहिली! पहिली वात!" ते माइकवर गेलं. चारशे माणसांना माझं नाव कळलं.

नागेश वर उभा होता. समोर बायको, हातात मेणबत्ती, अंगावर दिवे. नुसता हसत उभा राहिला असता तरी त्याचं काम झालं असतं. स्वप्नालीला काय, नवरा वर दिसला म्हणजे झालं. बदनामी मंडळाची होती आणि शिव्या मला पडणार होत्या. पण त्या माणसाला समईची ती दशा बघवेना. त्याने मेणबत्ती संचालकांच्या हातात कोंबली आणि भर सभेत टेबलाखाली सूर मारला.

सूर मारताना त्याचा पाय झालरीत अडकला. पिना तटातट निघाल्या आणि पुढची झालर खाली आली. अगं बाई! समोर सगळा हॉल, आणि मी नथ सावरत, गुडघे पोटाशी घेऊन, पाच बटणांच्या बोर्डासमोर. शेजारी पंखा फिरतोय. पृथ्वीने मला पोटात घेतलं असतं तर मी भाडंही दिलं असतं.

"मॅडम, तुम्ही उलट्या बसलात!"

"मग सुलटं कुठलं ते सांगायचंस ना मेल्या!"

"सरा बाजूला." त्याने सगळे दिवे बंद केले आणि मान बाहेर काढून ओरडला, "ओल्गा मॅडम, पहिल्यापासून घ्या!"

आणि ओल्गाने घेतलं. धन्य तिची! "दीपप्रज्वलनासाठी मी आपले अध्यक्ष…" मुरलीधरराव पुन्हा पुढे झाले. आता हॉलला सगळं दिसतंय, वर मेणबत्ती, खाली नागेशचं बोट. पण मुरलीधररावांनी डोळे मिटून हात जोडले, नमस्कार केला, मेणबत्ती लावली. नागेशने दाबलं. वात लागली. अशा टाळ्या पडल्या की बस! संचालकांनी लावली, शेठनी लावली, सौभाग्यवतींनी तर लावून झाल्यावर खाली वाकून नागेशला थँक्यू म्हटलं. हॉल नुसता आनंदाने फुटत होता. चार वाती झाल्या.

"आणि आता," ओल्गा म्हणाली आणि अडली. पाचवा मान्यवर टेबलाखाली होता.

"राहू दे मॅडम," नागेश मला हळू म्हणाला. "मी खालूनच लावतो. तिला काय कळायचं ते कळलं." त्याचे कान लाल झाले होते. मला रडू यायला लागलं, आणि पाय इतके आखडले होते की कशाने येतंय ते कळेना.

तेवढ्यात स्टेजच्या पायऱ्यांवर बांगड्या वाजल्या. स्वप्नाली. सरळ टेबलापाशी आली, पदर खोचला आणि वाकून आत बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "हेच का ते दीपप्रज्वलन?"

"हो."

"इतकी वर्षं इथे बसता?"

"उशी आहे की," नागेश म्हणाला.

"ते घरी गेल्यावर बोलू आपण." मला वाटलं, झालं, संपला हा. मग तिने वर मान्यवरांकडे बघितलं आणि पुन्हा आत. "पाचही तुम्हीच लावता?"

"पाचही."

"मग ही माणसं काय करतात?"

"मेणबत्ती धरतात."

तिने थोडा विचार केला. मग चप्पल काढली, हात जोडून समईला नमस्कार केला आणि आत शिरली. "निघा तुम्ही बाहेर. जा, धरा तुमची मेणबत्ती. ताई, जरा सरकता का?"

मी सरकले. नागेश बाहेर गेला. मी तिला बटण दाखवलं. "शेवटचं. आता सुलट बसली आहेस, बरोबर आहे."

"श्रीयुत नागेश घाणेकर!" ओल्गाचा आवाज कधी नव्हे तो फाटला.

"ताई, आता?"

"आता."

तिने दाबलं. वर जो कल्लोळ झाला तो काय सांगू! लोक बाकं बडवत होते, शिट्ट्या, आरोळ्या, यूनुसभाई तिकडे दारातून "यल्ला, यल्ला!" ओरडत होते. आम्हा दोघींना टेबलाची फळी सोडून काही दिसत नव्हतं.

"लागली का हो?"

"लागली असणार. एवढ्या टाळ्या पडतायत."

"आणि हे कसे दिसतात?"

"राजबिंडा दिसतोय," मी बिनदिक्कत ठोकून दिलं.

ती मान उंच करकरून बघत होती, डोकं फळीला आपटत होतं. मग माझ्याकडे वळली. "म्हणजे यांना हे कधी दिसलंच नाही ना ताई? पेटताना? नुसत्या टाळ्या ऐकत बसायचे इथे."

पाच वर्षं मी त्याला त्या झालरीआड ढकलत होते आणि हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

वरून नागेश वाकला. डोळे भरलेले, तोंडभर हसू, जॅकेटचं बटण तुटलेलं. "स्वप्नाली, अगं ये ना वर! बघ तरी! काय लागते गं ती!"

"मी आले तर विझेल," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, अगं, बोट काढलंस तरी दिवा राहतो, खटक्याचं बटण आहे ते. हो म्हणाली. पण पुढे गणेशवंदना झाली, अध्यक्षांचं भाषण झालं, ते टेबल उचलायला माणसं आली, तोवर तिने काही बोट काढलं नाही.